भांड्यावरचे नाव

आपल्या मंडळाने ज्ञातीतील कुळांची वंशावळ सिद्ध करण्याचे ठरविले आणि नाशिकच्या तांबट घराण्यांचे काम आमच्याकडे सोपविले, त्यास आता दोन हिवाळे होऊन गेले. काम फार तर चार महिन्यांत उरकेल, असा आमचा समज होता. तीर्थोपाध्यायांच्या वह्या, जुनी खरेदीखते, वाटणीपत्रे आणि घरोघरची वृद्ध मंडळी यांच्या आधाराने पुरुषांची नावे सहा-सात पिढ्यांपर्यंत लागली. परंतु प्रत्येक पुरुषाच्या नावापुढे 'पत्नी' म्हणून जी एक चौकट छापून घेतली होती, ती तिसऱ्या पिढीपासून कोरी राहू लागली. विचारावे तर बहुतेक घरांतून एकच उत्तर येई : "नाव नाही बुवा ठाऊक. आम्ही सगळे तिला मोठीआई म्हणत होतो."

इतरांस दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. आमच्या स्वतःच्या घरचे कोष्टक भरावयास घेतले, तेव्हा आजीचे सासरचे नाव लिहिता आले, माहेरचे आले नाही. पणजीचे तर दोन्ही आले नाही. जिच्या हातची बाजरीची भाकरी कशी फुगत असे आणि जिच्या गोधडीस कोणत्या लुगड्याचा काठ होता हे आम्ही आजही सांगू शकतो, तिचे नाव आम्हांस अर्धेच ठाऊक असावे, याची त्या दिवशी लाज वाटली.

आजीची आठवण येते ती हिवाळ्याची. उन्हाळा मुलांचा असतो आणि पावसाळा शेतकऱ्याचा. घरातला हिवाळा मात्र आजीच्या ताब्यात असे. नाशिकची थंडी मुंबईकर सोयऱ्यांस सांगून समजत नाही. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेकडील कोरड्या हवेत. आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. निफाडकडे तर पारा इतका उतरतो की द्राक्षांचे बागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. अशा थंडीत पहाटे चारास उठून गंगेवर जाणाऱ्या स्त्रिया आम्ही लहानपणी पाहिल्या आहेत. (नाशिककर गोदावरीस गंगाच म्हणतो, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.) कार्तिकस्नान सुरू झाले की आमच्या आळीतून रामकुंडाकडे जाणाऱ्या पावलांचा आवाज अंथरुणात ऐकू येई. त्या पाठोपाठ दुसरा आवाज असे तो बंबाची राख झाडण्याचा.

बंब ही आपल्या हातची वस्तू, म्हणून तिच्याविषयी चार शब्द अधिक लिहिले तर वाचक क्षमा करतील. मध्ये विस्तवाची उभी नळी, नळीभोवती पाणी, खाली राख पडण्यासाठी जाळी आणि अंगास पितळेची तोटी. रशियातील सामोवाराची रचनाही हीच. थोड्या ढलप्या आणि दोन गोवऱ्या एवढ्या सरपणात घरभराचे स्नान होई, कारण विस्तव चहूकडून पाण्याने वेढलेला असल्याने उष्णता वाया जात नाही. बंबाच्या अंगावर जे ठोके दिसतात त्यांस लोक नक्षी समजतात. मठारण्याने तांबे घट्ट होते, पत्रा पातळ असूनही दबत नाही, हे त्याचे खरे कारण. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये नाशिकच्या खंडात येथील तांब्या-पितळेच्या कामाची दखल घेतलेली आहे. तीर्थास आलेले यात्रेकरू येथून भांडी घेऊन जात, आणि गंगेचे पाणी न्यावयाचे म्हणून लहान तांब्याचे गडू तर हटकून नेत. गॅझेटियरात कारागीर आहेत, व्यापारी आहेत. भात्याची दोरी ओढणाऱ्या, तयार भांडे चिंच, मीठ आणि राख लावून उजळणाऱ्या स्त्रियांचा शोध घेण्याचे त्या साहेबांस कारण नव्हते. आमच्या आजीची तर्जनी चिंचेने कायमची काळवंडलेली होती.

बंब पेटविण्याचा मान आजीचा. ऊन पाणी प्रथम पुरुषांस, मग मुलांस, मग सुनांस. ती स्वतः तोपर्यंत गंगेवरून ओलेत्याने परत आलेली असे. आम्ही नातवंडे बंबाभोवती कोंडाळे करून बसत असू, आणि जाळीखालच्या राखेत तिने आदल्या रात्री पुरून ठेवलेली रताळी निघत. चंपाषष्ठीस खंडोबाचा नैवेद्य म्हणून वांग्याचे भरीत आणि बाजरीचे रोडगे होत. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे त्या दिवशी पहिल्यांदा घरात येई, म्हणून त्या भरताची गोडी वेगळी. धुंधुरमासात एके दिवशी सूर्योदयापूर्वी जेवण असे : मुगाची खिचडी, लोणी, भाकरी, आणि डोळ्यांवरची झोप. पौष वद्य एकादशीस निवृत्तिनाथांची यात्रा त्र्यंबकेश्वरी भरते, तेव्हा नाशिकमार्गे दिंड्या जात. ही एकादशी षट्तिला, म्हणजे तिळाचा सहा प्रकारे उपयोग करावयाची. वारकऱ्यांस द्यावयाचे लाडू आजी संक्रांतीच्या लाडवांबरोबरच वळून वेगळ्या डब्यात ठेवी आणि त्या डब्यास हात लावणाऱ्याची गय करीत नसे.

परंतु तिचे खरे कौशल्य काट्याच्या हलव्यात होते. ज्यांनी हलवा दुकानातूनच आणला आहे, त्यांच्यासाठी सांगतो. कल्हई केलेली परात मंद शेगडीवर ठेवावयाची, तिच्यात खसखस किंवा तीळ घ्यावयाचे आणि साखरेचा पाक चमच्या-चमच्याने सोडीत बोटांनी सारखे हालवीत राहावयाचे. घाई केली की दाणे एकमेकांस चिकटतात, विस्तव वाढला की पाक पिवळा पडतो. एका दिवसात हलवा होत नाही. तीन-तीन, चार-चार दिवस बसावे लागते. हवा थंड आणि कोरडी असली म्हणजेच काटा उभा राहतो, म्हणून बसावयाचे ते पहाटे. आजीची बोटे पोळून बधिर झालेली असत. त्या हलव्याचे दागिने करून घरातील नव्या सुनेस पहिल्या संक्रांतीस आणि तान्ह्या बाळास बोरन्हाणास घालीत. आळीतील कितीतरी घरांतून "तुमच्या सासूबाईंना विचारा, आमचाही शेर-दोन शेर करून देतील का" असा निरोप येई. ती नाही म्हणत नसे.

आणि संक्रांतीच्या दिवशी, दुपार कलली, सुवासिनी जमू लागल्या, अत्तरदाणी-गुलाबदाणी बाहेर आली की आजी माजघराच्या मागच्या खोलीत जाऊन बसे. तिला कोणी जा म्हणत नसे. १९३३ च्या पावसाळ्यात आमचे आजोबा गेले, तेव्हापासून ती आपण होऊन जात असे, आणि घरातील सर्वांस, आम्हांसही, ते इतके स्वाभाविक वाटे की तिच्या हातचा हलवा आम्ही तिच्या डोळ्यांदेखत तबकांत भरून बाहेर नेत असू. काळ्या चंद्रकळा नेसलेल्या बायका हलव्याची वाखाणणी करीत. ती ऐकू येण्याइतकी भिंत पातळ होती.

वंशावळीच्या कोऱ्या चौकटी पाहताना आम्हांस वारंवार वाटले की निदान नाशकात तरी असे व्हावयास नको होते. कारण या गावाचा सर्वांत प्रसिद्ध लेख एका आजीचा आहे. गावाच्या दक्षिणेस सुमारे आठ किलोमीटरांवर त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. त्यांतील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षाचा, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील, लांबलचक शिलालेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीच्या पराक्रमाची माहिती इतिहासकार ज्या लेखावरून देतात, तो हाच. शाळेतील पुस्तकांत तो गौतमीपुत्राची प्रशस्ती म्हणून येतो. पण तो कोरविला कोणी? गौतमी बलश्रीने. ती गौतमीपुत्राची आई आणि पुळुमावीची आजी. भिक्षुसंघास लेणे दान देताना तिने आपली ओळख महादेवी, महाराजांची माता आणि महाराजांची पितामही अशी करून दिली आहे. तप, नियम, उपवास यांत मग्न असलेली अशी ती त्या लेखात दिसते. मुलगा गेलेला, नातू गादीवर, आणि मुलाची कीर्ती दगडात घालणारी म्हातारी आई, असे ते चित्र आहे. दिवस मात्र हिवाळ्यातील नाही; ग्रीष्मातील दुसऱ्या पक्षाचा तेरावा, असे लेखातच नोंदलेले आहे.

त्याच डोंगरात दहाव्या लेण्यात नहपानाची मुलगी आणि उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने ओवरी दिल्याचा लेख आहे. पुढे आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी कायमची ठेव ठेवली. ती कोणाची मुलगी, कोणाची पत्नी, कोणाची आई हे सर्व तेथे आहे. पण तिचे स्वतःचे नावही आहे. तिने रक्कम ठेवली ती कारागिरांच्या श्रेण्यांकडे, आणि त्यांत एक श्रेणी तीळ गाळणाऱ्यांची, म्हणजे तेल्यांची होती. श्रेणी म्हणजे आजच्या भाषेत धंद्याचा संघ. लोक तिच्याकडे विश्वासाने ठेव ठेवीत आणि व्याजातून धर्मकार्य चाले. जुन्नरच्या लेण्यांत कासारांच्या श्रेणीचाही उल्लेख आहे, हे जाता जाता आपल्या ज्ञातीतील तरुणांनी लक्षात ठेवावे.

त्यानंतर पुष्कळ शतकांनी या गावाच्या आसऱ्यास आणखी एक आजी आली. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांचा थोरला मुलगा विश्वासराव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडला. त्याच वर्षी जूनमध्ये पती गेले. १७७२ साली माधवराव गेले आणि १७७३ साली नारायणरावाचा खून झाला. आमच्या आजीच्या पिढीस पानिपत म्हणजे संक्रांतीच्या दिवसाचे अरिष्ट वाटे, आणि 'संक्रांत कोसळली' हा शब्दप्रयोग तेथूनच आला असे ती सांगे. तारखेचा हिशेब मात्र जुळत नाही. संक्रांतीची इंग्रजी तारीख सुमारे बहात्तर वर्षांस एक दिवस या गतीने पुढे सरकते. १८६३ साली ती १२ जानेवारीस होती, म्हणजे १७६१ साली आणखी एक-दोन दिवस अलीकडे असणार. लढाईपूर्वीच तीळगूळ होऊन गेले होते. तेव्हा उपाशी फौजेने कसला तीळगूळ खाल्ला असेल, असे आमची आजी म्हणाली असती.

माधवरावांशी बिनसल्यावर गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापूरास येऊन राहिल्या, आणि १७८८ साली त्यांचा अंत नाशिककडेच झाला. पुण्यास त्यांचा नातू सवाई माधवराव वाढत होता, आईबापांवाचून. या नातवाने दिवसभर कसे वागावे, याविषयी आजीने त्यास लिहून पाठविलेला उपदेश इतिहाससंशोधकांनी प्रसिद्ध केला आहे. गोपिकाबाईंच्या स्वभावाविषयी इतिहासकारांनी कठोर लिहिले आहे आणि त्यांतले बरेचसे खरेही असेल. तरी पती आणि तिन्ही मुलगे गमावल्यावर नातवाची दिनचर्या लिहावयास बसलेली ती बाई आम्हांस परकी वाटत नाही.

तिसरे नाव आपल्या अधिक जवळचे. लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली त्र्यंबकेश्वराजवळील जलालपूर येथे जन्मल्या आणि १९३६ साली नाशकात वारल्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. घरातले सोवळे, उपासमार, रुसवे, चेष्टा हे सर्व या बाईंनी बोलल्यासारखे लिहून ठेवले, म्हणून त्या काळचे नाशिक जिल्ह्यातील घर आतून कसे होते ते आपणांस कळते. लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मनकर्णिका होते, हेही त्यामुळेच राहिले. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल आपल्याकडेही होती. अक्षता पडल्या, ताटातील तांदळांत नवे नाव लिहिले, की जुने नाव माहेरच्या माणसांच्या तोंडी उरे आणि त्यांच्याबरोबर संपे.

एकीने दगडात लिहिले, एकीने कागदावर, एकीने छापून. आमच्या आजीस अक्षरओळख नव्हती. तिचे नाव सापडले ते पितळेवर, आणि तेही आमच्या हातून मोडीत जाता जाता वाचले.

झाले ते असे. गेल्या वर्षी मार्गशीर्षात आमच्या जुन्या वाड्याचा मागचा भाग उतरवावयाचा ठरला. माळ्यावरची भांडी खाली आली. आता इतकी भांडी ठेवावयाची कोठे? मोड घेणारा काटा घेऊन आला. याच माणसाच्या वडिलांस आम्ही पूर्वी, स्टीलचे नवे होते तेव्हा, दोन पोती पितळ देऊन चकचकीत डबे घेतले होते. तांबटाच्या घरातून पितळ मोडीत जाते याचे त्या वेळी आम्हांस काही वाटले नाही, उलट घर सुटसुटीत झाले म्हणून समाधान वाटले. या खेपेस काट्यावर चढलेल्या एका घंगाळाच्या काठावर टिंबाटिंबांची अक्षरे दिसली. चष्मा लावून वाचले : एका मुलीचे नाव, तिच्या लग्नातील आंदण असल्याची नोंद आणि शके १८३४. त्या नावाची बाई आमच्या घराण्यात कधी झालेली नव्हती. घंगाळ दुसऱ्या कोणाचे चुकून आलेले असावे, किंवा गहाणातले असावे, असा तर्क करून आम्ही ते बाजूस ठेवले.

चार दिवसांनी सिन्नरास आमच्या आत्याकडे जाणे झाले. आत्याबाईंनी नव्वदी ओलांडली आहे, पण कान आणि स्मरण शाबूत आहे. सहज नाव उच्चारून विचारले, हिला ओळखता का? त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अरे, ही आपली मोठीआई. माझी आई. तिचा भाऊ येई ना, तो तिला या नावाने हाक मारी. तो गेल्यावर कोणी मारली नाही."

भांड्यांवर नाव घालण्याची चाल आपल्यातील वाचकांस नवी नाही. तांब्या, वाटी, पळी, निरांजन, काहीही असो, देणाराचे नाव, निमित्त आणि साल छिन्नीच्या टोकाने घालून मग ते भांडे दिले जाई. लग्नकार्यात शंभर घरची भांडी एकत्र येत, ती ओळखावयाची कशी, हा त्यातला व्यवहार. पण देणारी स्त्री असली तर हा बहुधा तिचे नाव लिहिण्याचा एकच प्रसंग असे. दस्तऐवजावर तिची सही नसे, दुकानाच्या पाटीवर तिचे नाव नसे. संक्रांतीस वाण म्हणून जी लहान भांडी सुवासिनी एकमेकींस देत, त्यांवर मात्र 'सौ.' लावून तिचे नाव पडे, आणि ज्या घरी तांबटच राहतो त्या घरी नाव घालण्यास पैसेही लागत नसत.

येथे एक गोष्ट आमच्या उशिरा ध्यानात आली. वाणाच्या भांड्यावर नाव असते ते देणारीचे. म्हणून आमच्या माळ्यावर जी फुलपात्रे आणि पळ्या होत्या, त्यांवर आळीतील दुसऱ्या बायकांची नावे होती. आमच्या आजीचे नाव आमच्या घरात असणे शक्यच नव्हते. ते तुमच्या घरी होते. मग आम्ही वही घेऊन घरोघर फिरलो. तांबट आळीतील तीन घरांत, येवल्यास एका घरात, आणि ज्यांच्याशी आमचे पंधरा वर्षे बोलणे नव्हते अशा एका भाऊबंदांच्या देवघरात तिच्या नावाच्या वस्तू निघाल्या. भाऊबंदांकडे निघाली ती उदबत्तीची चांदणी. रोज वापरात होती. बोलणे पुन्हा सुरू झाले, हा त्या चांदणीचा गुण.

या सर्व वस्तूंवरील शक आम्ही लावून पाहिले. शेवटचा शके १८५४ चा, म्हणजे जानेवारी १९३३ च्या संक्रांतीचा. त्यानंतर एकही नाही. आजोबा गेल्यानंतर ती चाळीस वर्षे जगली. चाळीस हिवाळे तिने बंब पेटविला, चाळीस संक्रांतींचा हलवा केला, दोन सुनांची बाळंतपणे केली, आम्हां सात नातवंडांस ताप आला असता उशाशी बसली. या चाळीस वर्षांत तिचे नाव कोणत्याही धातूवर पडले नाही, कारण वाण देण्याघेण्याचा तिचा अधिकार संपला होता. आम्ही इतर घरांच्या नोंदी याच दृष्टीने पाहिल्या. ज्या ज्या बाईचे वैधव्य आम्हांस ठाऊक आहे, तिची नोंद त्या त्या वर्षाशी थांबते. वंशावळीतील कोऱ्या चौकटी कशा झाल्या, याचे निदान एक कारण तरी येथे आहे.

ज्ञातीतील एका विद्वान मित्राने आम्हांस सावध केले की भांडे हा पक्का पुरावा नव्हे. भांडी विकली जातात, गहाण पडतात, वाटणीत जातात. एकाच नावाच्या चार बायका असतात. नाव घालणारा कारागीर ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ करतो. काही जुन्या वस्तूंवरील अक्षरे मोडी असतात आणि ती वाचणारे थोडे. हे सर्व आम्ही मान्य करतो. म्हणूनच एका भांड्यावरून कोणतेही नाव चौकटीत घालीत नाही. दुसऱ्या भांड्याचा किंवा जाणत्या माणसाचा दुजोरा मिळेपर्यंत ते शिसपेनीने लिहितो. एका घराण्यात या रीतीने घातलेले नाव पुढे खोडावे लागले आहे. परंतु कागद नाही म्हणून माणूस नव्हते, असे लिहिण्यापेक्षा हे बरे.

या शोधानंतर आपल्या चालीरीतींविषयी आमच्या मनात जो विचार चालला आहे, तो स्पष्ट सांगितला पाहिजे, मग काही ज्येष्ठांस तो न रुचो. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांस तो कित्ता गिरविण्यास सांगितले. आपल्या मंडळाच्या समारंभाचे निमंत्रण हल्ली सर्व भगिनींस जाते. पण घरोघरच्या हळदीकुंकवात अजून आजी आतल्या खोलीतच असते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंपरा राखली पाहिजे, असे म्हणणाऱ्यांस आम्ही विचारतो की ती राखली कोणी? भोगीच्या भाजीत काय काय पडते, काटा कोणत्या हवेत उभा राहतो, षट्तिलेचे सहा प्रकार कोणते, हे ज्यांनी आपणांस सांगितले, त्यांतील अर्ध्याअधिक त्या आतल्या खोलीत बसलेल्या होत्या. आमच्या सुनेने यंदा संक्रांतीस आपल्या विधवा आईस वाण दिले आणि तिच्याकडून घेतलेही. शेजारी दोघी-तिघी चुळबुळल्या. एकीने दुसऱ्या दिवशी येऊन स्वतःच्या सासूसाठी वाटी मागून नेली.

हलवा यंदा घरी करून पाहिला. सुनेने, नातीने आणि आम्ही, तिघांनी मिळून. दुसऱ्या पहाटे दाणे चिकटले, तिसऱ्या पहाटे थोडा काटा आला. शेगडी विजेची असल्याने विस्तव मंद ठेवणे सोपे गेले; बोटे मात्र तितकीच पोळली. ज्यांच्या घरी ही कृती अजून चालू आहे त्यांनी पाकाची तार किती असावी हे आम्हांस कळवावे.

वंशावळीचा नाशिक विभाग छापखान्यात जाण्यास रथसप्तमीपर्यंत अवधी आहे. तोवर सभासद कुटुंबांनी माळे, देवघरे आणि जुन्या पेट्या पाहाव्या, मोड देण्यापूर्वी प्रत्येक भांड्याचा काठ आणि बूड वाचावे, आणि जे लिहिलेले असेल ते चुकांसह जसेच्या तसे उतरवून मंडळाच्या कचेरीत पाठवावे. चिंचेने घासून मग वाचले तर झिजलेली टिंबे उठून दिसतात; लिंबाने फार घासू नये. आपल्याच घराण्याचे नाव शोधू नये, जे सापडेल ते पाठवावे. ते दुसऱ्या कोणाची तरी आजी असते.

आमच्या आजीचे नाव या लेखात मुद्दाम दिलेले नाही, कारण एकटीचेच पुढे आणणे बरे दिसणार नाही. ते यादीत आपल्या जागी, दोन्ही रूपांत, आलेले आहे. घंगाळ आता देवघराबाहेर ठेवले आहे. पणजीची चौकट अजून कोरी आहे. ती येवल्याकडची होती, एवढे आत्याबाईंस आठवते, आणि तिच्या काळी वाण म्हणून पितळेची फुलपात्रे देत असत.